ज्युनिअरचं आणखी एक वर्ष : होकार देण्याआधी

मार्च-एप्रिलमध्ये आइस हॉकीचा मोसम संपत आला की कॅनडा-अमेरिकेतल्या खेळाडू मुलांच्या घरी एक ठरावीक फोन येतो. पलीकडे कुठल्यातरी विद्यापीठाच्या संघाचा सहायक कोच असतो. ‘मुलगा आम्हाला हवा आहे, पण यंदा जागा नाही. आणखी एक वर्ष ज्युनिअर खेळू द्या, पुढच्या सप्टेंबरात घेतो,’ असं तो सांगतो. मुलाची बारावी झालेली किंवा संपत आलेली असते, वय अठरा-एकोणीस. त्याच सुमारास दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाचं प्रवेशपत्रही आलेलं असतं आणि ते स्वीकारायची मुदत डोक्यावर असते. ब्रॅम्प्टन, सरे, न्यू जर्सी किंवा डेट्रॉइटच्या उपनगरातलं घर मराठी असेल तर आई-बाबांच्या मनात पहिला विचार येतो, वर्ष वाया जाईल. मुलाच्या मनात येतं, एक वर्ष मिळालं तर मी कुठच्या कुठे जाईन.

या लेखात मी त्या आई-बाबांशी बोलतो आहे, आणि मराठी वाचता येत असेल तर त्या मुलाशीही.

ज्यांना या खेळाची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या हॉकीला इथे ज्युनिअर म्हणतात. कॅनडात सीएचएलच्या छत्राखाली ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल अशा तीन मोठ्या लीग आहेत. अमेरिकेत सर्वांत वर यूएसएचएल, तिच्याखाली एनएएचएल, आणि त्याखाली पालकांकडून पैसे घेऊन मुलांना खेळवणाऱ्या बऱ्याच लीग. मुलं घर सोडून लांबच्या गावी जातात आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. या यजमान कुटुंबाला बिलेट म्हणतात. मोसम सप्टेंबर ते मार्च चालतो. ओएचएल आणि डब्ल्यूएचएलमध्ये नेहमीचे सामनेच ६८ असतात आणि प्लेऑफ त्याच्या वर.

आपल्याकडे नीट किंवा जेईईसाठी ‘ड्रॉप’ घेणारी मुलं असतात. त्या वर्षाच्या शेवटी परीक्षेची तारीख असते, गुण येतात आणि उत्तर मिळतं. ज्युनिअरच्या वाढीव वर्षाला अशी परीक्षा नसते, ती आपणच ठरवावी लागते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे वर्ष कशासाठी हवं आहे, ते मुलाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात संघातली एक भूमिका आणि एक तारीख असली पाहिजे. ‘पहिल्या दोन लाइनमध्ये खेळायला मिळणार आहे, आणि अमुक विद्यापीठात पुढच्या सप्टेंबरसाठीची जागा लेखी मिळाली आहे’, हे असं वाक्य झालं. ‘अजून थोडं डेव्हलप व्हायचं आहे’ या वाक्यात भूमिकाही नाही आणि तारीखही नाही. एवढंच सांगता येत असेल तर कॉलेजला जावं.

आता हा निर्णय पूर्वीपेक्षा अवघड का झाला ते पाहू. वर्षानुवर्षं नियम साधा होता. सीएचएलमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकी विद्यापीठांच्या एनसीएएमध्ये जागा नसे. सीएचएलच्या मुलांना थोडा भत्ता मिळायचा, आणि एनएचएल या व्यावसायिक लीगच्या क्लबशी करार केलेली मुलंही त्यांच्याच बरोबरीने खेळायची, म्हणून ती लीग व्यावसायिक मानली जाई. त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षीच घरातल्यांना वाट निवडावी लागायची. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी एनसीएएच्या डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या गटाच्या, कौन्सिलने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलच्या मुलांना दार उघडलं. प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापलीकडे पैसे घेतलेले नसावेत, ही अट राहिली. त्याच उन्हाळ्यात गॅव्हिन मॅकेना हा त्या वयातला सर्वांत गाजलेला खेळाडू डब्ल्यूएचएलचा मेडिसिन हॅट टायगर्स संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला.

दार उघडलं ही बातमी सगळ्यांनी वाचली. आत जागा किती, याचा विचार कमी झाला. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या हॉकीचे साठ-पासष्ट संघ आहेत. एनसीएएशी संबंधित २०२५ च्या कोर्ट-तडजोडीनंतर, त्या तडजोडीतली व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांना संघात जास्तीत जास्त २६ खेळाडू ठेवता येतात. शिष्यवृत्तीवरची जुनी १८ ची मर्यादा गेली, म्हणजे पैसा वाढू शकतो, पण खुर्च्या वाढलेल्या नाहीत. त्याच खुर्च्यांवर आता तीन-चार मोसम सीएचएल खेळलेली वीस वर्षांची तयार मुलं बसताहेत, शिवाय एका विद्यापीठातून दुसऱ्यात बदली घेणारेही. कोचला पुढच्या आठवड्यात सामना जिंकायचा असतो. अठराच्या होतकरू मुलापेक्षा विशीतला तयार मुलगा त्याला सोयीचा वाटतो यात त्याचा दोष नाही. म्हणून तो फोन येतो, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त घरी येतो.

या फोनला लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ‘विचार करून कळवतो’ म्हणा आणि नंतर शांतपणे चार गोष्टी विचारा. माझ्या मुलाच्या जागेवर खेळणारे किती जण यंदा आणि पुढच्या वर्षी पास होऊन जाणार आहेत? त्याच जागेसाठी तुम्ही आणखी किती मुलांना शब्द दिला आहे? पुढच्या वर्षाची आर्थिक मदत किती, आणि ती लेखी कधी मिळेल? आणि मुख्य कोच बदलला तर या शब्दाचं काय? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तो विचाराच. तोंडी ‘कमिटमेंट’ कुठल्याच बाजूला बांधून ठेवत नाही. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचं जुनं पत्र एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलं. आता वजन आहे ते सही झालेल्या आर्थिक मदतीच्या कराराला. तो नसेल तर तुमच्या हातात फक्त एका भल्या माणसाची इच्छा आहे. तो माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात नोकरीला असू शकतो.

कोचशी बोलणं झालं म्हणजे प्रवेशाचं काम झालं, असंही नाही. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा तर विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसला वेगळा अर्ज करावा लागतो. गुणांवर मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकेल का, हे तिथेच विचारायचं. अभ्यासात चांगल्या असलेल्या आपल्या अनेक मुलांना गुणांवर मिळणारी मदत हॉकीवर मिळणाऱ्या मदतीपेक्षा मोठी असते. ती हातची घालवून खेळाची अर्धी शिष्यवृत्ती मिळवली तर हिशेब उलटाच होतो. हार्वर्ड, येल, कॉर्नेल, प्रिन्स्टन, ब्राउन आणि डार्टमथ या आयव्ही लीगच्या हॉकी संघांत तर खेळाची शिष्यवृत्तीच नाही, तिथे घरच्या उत्पन्नावर मदत ठरते.

यानंतर मुलाची जन्मतारीख समोर ठेवा. या विषयात सगळ्यात जास्त घोटाळे तारखांचे होतात, म्हणून इथे जरा थांबतो. आजवरच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनच्या खेळाडूला पाच वर्षांत चार मोसम खेळता येतात, आणि ती पाच वर्षं कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातल्या दिवसापासून मोजली जातात. ‘कुठल्याही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्युनिअर खेळता खेळता मुलाने जवळच्या कॅनेडियन विद्यापीठात पूर्णवेळ प्रवेश घेतला तर त्याचं अमेरिकेतलं घड्याळ तिथेच सुरू होतं. एक-दोन विषय अर्धवेळ घेतले तर होत नाही. चांगल्या हेतूने, ‘वर्ष फुकट जायला नको’ म्हणून मुलाला पूर्णवेळ नाव घालायला लावलं, तर तुम्हीच त्याच्या पाच वर्षांतलं एक वर्ष कापून टाकाल.

दुसरी रेघ एकविसाव्या वाढदिवसाची. त्या दिवसापर्यंत ज्युनिअर खेळलं तर कॉलेजचा मोसम जात नाही, अशी सवलत पुरुषांच्या हॉकीला दीर्घकाळ मिळत आली, म्हणूनच कॉलेजच्या पहिल्या वर्षात वीस वर्षांची इतकी मुलं दिसतात. जानेवारीत जन्मलेल्या आणि नोव्हेंबरात जन्मलेल्या दोन मुलांना ही रेघ वेगवेगळ्या ठिकाणी अडवते. पात्रतेचे नियम सध्या झपाट्याने बदलताहेत, तेव्हा मुलाची जन्मतारीख आणि बारावी झाल्याची तारीख लिहून त्या विद्यापीठाच्या कॉम्प्लायन्स ऑफिसला ईमेल करा, आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. कोच किंवा एजंट तोंडी जे सांगेल त्यावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट शाळेची. डिव्हिजन वनसाठी १६ मूलभूत विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते. शाळा वेळेत संपल्यानंतर त्यांतला फक्त एकच विषय वर्षभरात नव्याने करता येतो. तेव्हा ‘या वाढीव वर्षात राहिलेलं गणित आणि विज्ञान करून टाकू’ हा बेत बहुतेक वेळा चालत नाही. क्वेबेकमध्ये अकरावीनंतर सेजेप नावाचा विद्यापीठाआधीचा टप्पा असल्यामुळे तिथल्या मुलांचा हिशेब वेगळा निघतो, तो स्वतंत्र विचारावा.

भारतीय पासपोर्ट असलेल्या घरांसाठी आणखी एक बाजू आहे. इतर पालकांच्या गप्पांत ती कधीच निघत नाही. अमेरिकेत वडील किंवा आई एच-वन-बीवर आणि मुलगा एच-फोरवर असेल, तर एकविसाव्या वाढदिवसाला त्याचा तो दर्जा संपतो. ग्रीन कार्डच्या भारतीय रांगेची लांबी तुम्हाला माहीत आहेच. ज्युनिअर संघ म्हणजे शिक्षणसंस्था नव्हे. तिथे खेळतो म्हणून एफ-वन मिळत नाही, विद्यापीठात पूर्णवेळ प्रवेश घेतला तर मिळतो. विशीतला शेवटचा ज्युनिअर मोसम आणि एकविसावा वाढदिवस एकमेकांवर येत असतील, तर हॉकीच्या कोचआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. अशा घरात बहुतेक वेळा कॉलेजच निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एफ-वनवर असताना नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे, म्हणजे ज्याला सगळे एनआयएल म्हणतात तेही, सरसकट घेता येत नाहीत. ते गृहीत धरून हिशेब मांडू नका.

कॅनडात पीआर असलेल्या, पण पासपोर्ट अजून भारतीय असलेल्या मुलांचंही तसंच. कॅनेडियन नागरिकाला अमेरिकेत शिकायला जाताना व्हिसाचा शिक्का लागत नाही, भारतीय पासपोर्टवर लागतो, आणि त्याच्या मुलाखतीची तारीख वेळेत मिळवावी लागते. शिवाय ओएचएलचे काही संघ ईरी, सॅगिनॉ आणि फ्लिंटला आहेत आणि डब्ल्यूएचएलचे सिॲटल, पोर्टलंडसारख्या शहरांत. संघाची बस सीमेपलीकडे जाणार असेल तर तुमच्या मुलाकडे त्यासाठीचा व्हिसा आहे का, हे सप्टेंबरच्या आत बघा.

पैशाचं बोलू. सीएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे साधारणपणे एका वर्षाची फी आणि पुस्तकांचा खर्च मुलाच्या नावे जमा होतो. म्हणजे तिथलं वाढीव वर्ष खरोखर एक वर्षाचं शिक्षण कमावून देऊ शकतं. मात्र ती रक्कम किती मुदतीत वापरायची आणि व्यावसायिक करार केला तर तिचं काय होतं, ही कलमं सही करण्याआधी वाचायची. यूएसएचएलमध्ये मुलाला खर्च येत नाही. एनएएचएलमध्ये खेळायची फी नाही, पण बिलेटचे पैसे द्यावे लागतात. त्याखालच्या लीगमध्ये वर्षाला हजारो डॉलर भरावे लागतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलासाठी फी भरून ज्युनिअरचं आणखी एक वर्ष विकत घेणं मला पटत नाही. त्या वयात त्याला कुणी फुकट खेळवायला तयार नसेल, तर बाजाराने उत्तर दिलेलं आहे. तो पैसा फीसाठी ठेवावा. कॅनडात मुलाच्या नावे आरईएसपी, म्हणजे शिक्षणासाठीचं बचत खातं, असेल तर मात्र एका वर्षाच्या उशिराने त्याला धक्का लागत नाही. ते खातं ३५ वर्षांपर्यंत चालू राहतं, आणि सरकारने घातलेली भर, जी एका मुलामागे आयुष्यभरात ७,२०० डॉलरपर्यंत असते, ती शिक्षण सुरू झालं की वापरता येते.

खेळाच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीकडचं जगणंच वेगळं आहे. डब्ल्यूएचएलमध्ये रात्र रात्र बसचे प्रवास करून ६८ सामने खेळायचे. एनसीएएमध्ये मोसमाला जास्तीत जास्त ३४ सामने, बहुधा शुक्रवार-शनिवारी, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस सराव, जिम आणि वर्ग. अंगाने भरायचा राहिलेल्या मुलाला ते जिमचे दिवस फार मोलाचे असतात. पण २६ जणांपैकी काही जण दर सामन्याला कोट-टाय घालून वर प्रेक्षकांत बसतात. तुमचा मुलगा पहिलं वर्ष त्या बाकावर काढणार असेल, तर त्यापेक्षा ज्युनिअरमध्ये पॉवरप्लेसकट सामन्याला वीस-वीस मिनिटं खेळणं चांगलं. गोलरक्षकाच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. जाळी एकच असते आणि गोलरक्षक उशिरा पिकतो. कॉनर हेलेबक शाळा संपल्यावर थेट कॉलेजात गेला नाही. २०११-१२ चा मोसम तो टेक्सासमध्ये ओडेसा जॅकलोप्सकडून एनएएचएल खेळला, त्या उन्हाळ्यात एनएचएलच्या खेळाडू-निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, १३० व्या क्रमांकावर निवडला गेला, मग मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल विद्यापीठात दोन वर्षं खेळला. २०२५ मध्ये त्याला एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी मिळाली.

सरेचा अर्शदीप बैन्स आपल्या लोकांना जवळचा वाटेल असं उदाहरण आहे. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. वीस वर्षांचा झाल्यावर तो रेड डियर रिबेल्सकडून ओव्हरएज म्हणून परत खेळला. सीएचएलच्या एका संघात असे फक्त तीन वीस वर्षांचे खेळाडू ठेवता येतात, तेव्हा ती जागा मिळणं म्हणजेच संघाने भरवसा टाकणं असतं. २०२१-२२ च्या त्या मोसमात त्याने ११२ गुण केले, डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला आणि मार्चमध्ये व्हँकूव्हर कनक्सने त्याला करार दिला. त्याच प्रांतातला जुझार खैरा २०१२ मध्ये एडमंटनने निवडल्यावर मिशिगन टेक विद्यापीठात गेला, एक वर्ष शिकला-खेळला, आणि मग कॉलेज सोडून एव्हरेटकडून डब्ल्यूएचएल खेळला. तोही पुढे एनएचएलमध्ये पोचला. बैन्सची भूमिका ठरलेली होती, हे त्याची गोष्ट सांगताना लोक विसरतात. आघाडीच्या फळीत, भरपूर वेळ, ओळखीच्या संघात. तुमच्या मुलाला हे मिळणार आहे का, ते त्याच्या संघाच्या जनरल मॅनेजरला विचारा. तिसऱ्या-चौथ्या लाइनवर आणखी एक वर्ष काढून कुणाचं नशीब पालटल्याचं मी सहसा पाहिलेलं नाही.

आणि ज्या घरात ‘कॉलेजला गेला की हॉकी संपली’ अशी धास्ती आहे, त्यांनी केन ड्रायडनचं आयुष्य जरूर वाचावं. १९६४ च्या ड्राफ्टमध्ये नाव आल्यावरही त्याने कॉर्नेल विद्यापीठ निवडलं, १९६७ मध्ये तिथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, १९६९ मध्ये पदवी घेतली आणि १९७१ मध्ये माँट्रियलच्या जाळीत उभं राहून स्टॅनले कप जिंकला. पुढे १९७३-७४ चा अख्खा मोसम तो खेळला नाही, त्या वर्षात त्याने वकिलीची उमेदवारी पूर्ण केली. नंतर तो कॅनडाचा केंद्रीय मंत्रीही झाला. काळ बदलला आहे हे मान्य, पण शिकायची भूक असलेल्या मुलाला ती मारायला सांगू नये.

डिव्हिजन वन नाही म्हणजे काहीच नाही, असंही समजू नका. कॅनडातल्या यू स्पोर्ट्सच्या विद्यापीठ-संघांत सीएचएल संपवून आलेली, लीगने दिलेल्या पैशावर शिकणारी मुलंच जास्त असतात, आणि तिथला खेळ उत्तम असतो. २०२३-२४ मध्ये न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचा संघ ४३ पैकी ४३ सामने जिंकून विजेता झाला. अमेरिकेत डिव्हिजन थ्री आहे. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण शिक्षण चांगलं आणि सामने गंभीरपणे खेळले जातात. ज्याला इंजिनीअरिंगसारखा भरगच्च अभ्यासक्रम मोठ्या विद्यापीठात करायचा आहे आणि हॉकीही सोडवत नाही, त्याच्यासाठी एसीएचएची क्लब हॉकी आहे. आपल्या कितीतरी मुलांना हीच वाट सर्वांत छान जमेल, पण ‘क्लब’ ऐकलं की पालकांना ती कमीपणाची वाटते. तसं वाटून घेऊ नका.

मुलींच्या हॉकीत हा पेच एवढा नसतो. सीएचएलसारखी व्यवस्था त्यांच्याकडे नाही, बहुतेक जणी शाळेतून थेट विद्यापीठात जातात. जानेवारी २०२४ पासून खेळायला लागलेल्या पीडब्ल्यूएचएल या व्यावसायिक लीगची वाटही मुख्यतः विद्यापीठांतूनच जाते. मुलीला कुणी एक वर्ष थांबायला सांगितलं तर कारण नीट विचारा.

समजा सगळं तपासून तुम्ही वाढीव वर्षाला होकार दिला. तर ते वर्ष मोकळं सोडू नका. ज्युनिअरमध्ये सराव दुपारी एक-दोनला संपतो आणि शाळा संपलेल्या मुलाची संध्याकाळ रिकामी असते. मोबाइल, व्हिडिओ गेम आणि घरापासून लांब एकटेपणा, यांत मुलं खचतात. अर्धवेळ एक-दोन विषय घेऊ द्या, आणि ते पुढच्या विद्यापीठात धरले जातील का हे आधी विचारून घ्या. गावातल्या लहान मुलांना स्केटिंग शिकवणं किंवा थोडी नोकरी, असं काहीतरी हॉकीबाहेरचं असू द्या. बिलेट आईशी तुम्ही स्वतः बोला, मुलगा नीट जेवतो का, झोपतो का, डोक्याला मार लागला होता का, हे तिला सगळ्यांत आधी कळतं. मेंदूला धक्का बसण्याचा पूर्वीचा इतिहास असेल, तर वाढीव ६८ सामन्यांचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नका.

हे सगळं ठरवताना मुलाला एकदा एकट्याला विचारा, संघातल्या मित्रांसमोर नाही आणि आजी-आजोबांच्या फोनवर तर नाहीच. हॉकीचा कुठला भाग तुला अजून हवासा वाटतो? काही मुलं केवळ आई-बाबांनी पहाटे पाचला रिंकवर पोचवलं, लाखो रुपये घातले, या ओझ्यापायी खेळत राहतात आणि ‘मला आता शिकायचंय’ हे म्हणायला धजत नाहीत. ते त्याला म्हणता यावं, अशी मोकळीक तुम्ही द्यायची आहे. त्याने बळेच कॉलेज निवडलं आणि मन रिंकवरच राहिलं, तर पहिल्या सत्राचे गुण तेही सांगतील.

मग कॅलेंडरवर दोन तारखा लिहा. पहिली नाताळच्या सुट्टीतली. तोपर्यंत मुलाला ठरलेली भूमिका मिळाली नसेल, तर जानेवारीच्या सुरुवातीला संघ बदलण्याची खिडकी उघडी असते, तेव्हा जनरल मॅनेजरशी बोला. दुसरी १ फेब्रुवारी. त्या दिवसापर्यंत पुढच्या सप्टेंबरचा सही झालेला करार हातात नसेल, तर खेळाडू म्हणून नव्हे, साधा विद्यार्थी म्हणून तीन-चार विद्यापीठांत अर्ज गेलेले असायला हवेत. कॅनडातली बरीच विद्यापीठं आणि अमेरिकेतली काही त्या सुमारासही अर्ज घेतात, पण प्रत्येकाची मुदत ऑक्टोबरातच पाहून ठेवा आणि शाळेच्या गुणपत्रिका तेव्हाच मागवून घ्या.